सायकल सुटीची आणि सायकल शिफ्टची

मित्राने आयर्लंडच्या सायकल सहलीचे फोटो पाठवले. वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल, चाळीसहून जास्त किलोमीटर. १९३७ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर त्यांनी सायकलवाट केली, २०११ मध्ये ती पूर्ण खुली झाली. मधे न्यूपोर्ट, मुलरॅनी अशी छोटी गावं. हवेचा टायरही तिकडचाच. बेलफास्टला जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकीसाठी बनवला, १८८८ ला पेटंट घेतलं. (थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने चाळीसेक वर्षं आधीच ते घेतलेलं होतं, पण नाव डनलॉपचंच झालं.)

फोटो बघून आम्ही तिघंही रविवारी आकुर्डीहून निघालो. निगडी, देहूरोड, देहूगाव, मग इंद्रायणी ओलांडून येलवाडी, इंदुरी. पूल संपला की थोडा वेळ खरंच शेतातून जाता येतं. इंदुरीला दाभाड्यांच्या किल्ल्यात कडजाईचं देऊळ, खाली नदी. तिथे बसून डबे खाल्ले.

पण हा रस्ता आमच्याकडे सुटीचा कधी नव्हताच. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात एमआयडीसी आणि आकुर्डीत बजाजचा कारखाना आला. मावळातली माणसं सायकलवर कामाला यायची. कॅरिअरला डबा, पुढे डायनॅमोचा दिवा. वडील सांगायचे, पावसात पहिली शिफ्ट गाठायची तर कपड्यांचा दुसरा जोड पिशवीत ठेवावा लागे. आणि गंमत बघा, सायकलवर येणारी ही माणसं बनवत होती स्कूटर! १९७२ ला चेतक आली. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. ज्याच्या घरी स्कूटर आली त्याची सायकल माळ्यावर गेली. २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबलं, २०२२ ला इलेक्ट्रिक चेतकसाठी तिथेच नवा कारखाना उभा राहिला.

सायकलवरचा कामगार मात्र संपलेला नाही. तो चाकणला गेला. इंदुरीच्या फाट्यावर तळेगाव-चाकण रस्ता लागला आणि कंटेनरची रांग बघून आमचं पुढे जायचं धाडस झालं नाही. हेल्मेट, हातमोजे घालून तिघं कडेला उभे. तेवढ्यात कंपनीच्या गणवेशातला एक पोरगा साध्या सायकलवर, डांबराच्या अगदी काठावरून, चाकणच्या दिशेने निघून गेला. मागे लाल दिवासुद्धा नव्हता.

सायकल ट्रॅकची मागणी आपण करतो ती बहुतेक आपल्या रविवारसाठी. पहिला ट्रॅक तळेगाव-चाकण रस्त्याला हवा, शिफ्टवाल्यांसाठी. रुंदीकरणाच्या नकाशात त्याची जागा दाखवली आहे का, हे आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींना विचारा. मी या आठवड्यात लेखी विचारतोय.