स्नायू आणि बिशप

जून महिना उजाडला की आपल्या घराघरांतून येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे प्रार्थना सुरू होते. हृदय म्हणजे प्रेमाचे आसन, अशीच आपली भाविक समजूत. मात्र हृदय हा केवळ एक स्नायू आहे, असे निःशंकपणे सांगणारा संशोधक पुढे कॅथलिक बिशप झाला, ही हकिकत आपल्या मंडळींत क्वचितच सांगितली जाते.

निल्स स्टेनसन यांचा जन्म 1638 साली कोपनहेगन येथे एका लुथरन सोनाराच्या घरी झाला. त्या काळी गालेनचा शब्द प्रमाण होता. हृदय इच्छेवाचून चालते, कधी विसावत नाही, म्हणून ते स्नायू नव्हे, असे त्याचे मत. देकार्तने तर हृदयाच्या उष्णतेने रक्त फुगते असे मांडले होते. हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले, तरी हृदयाच्या मांसाविषयीचे गूढ टिकून होते. स्टेनसन यांनी त्याचे तंतू एकेक करून सोडवले आणि 1664 च्या ग्रंथात लिहिले की स्नायूत जे असते ते सारे हृदयात आहे, आणि स्नायूत नसते असे हृदयात काहीच नाही.

या स्नायूभोवती हृदयावरणाची पिशवी असते. बाहेरचा थर चिवट. तो खाली श्वासपटलाशी जोडलेला, म्हणून श्वासागणिक हृदयही हलते. आतला थर नाजूक व दुपदरी. त्याच्या दोन पदरांमध्ये जेमतेम 15 ते 50 मिलिलिटर पाणी, घर्षण टाळण्यापुरते. भाल्याने येशूची कूस भोसकली तेव्हा रक्ताबरोबर वाहिलेले पाणी या पिशवीतले असावे, असे काही वैद्य म्हणतात. धर्मपित्यांना त्यात बाप्तिस्मा व ख्रिस्तशरीर दिसले. आम्हांस या दोहोंत भांडण दिसत नाही. शब्द देही झाला असे आपण मानतो. मग त्या देहातले हृदयही खऱ्या मांसाचेच असणार!

1666 साली लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहून स्टेनसन अंतर्मुख झाले. पुढल्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये ते कॅथलिक झाले, 1675 मध्ये धर्मगुरू आणि 1677 मध्ये बिशप. गोरगरिबांसाठी त्यांनी बिशपपदाची अंगठीही विकली. थोर शास्त्रज्ञ वाया गेला, अशी लायब्निझसारख्या विद्वानाला हळहळ वाटली. आम्हांस ती पटत नाही. 1686 मध्ये श्वेरीन येथे त्यांनी देह ठेवला. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो मंदिरात ते विसावले आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 साली त्यांना धन्यवादित घोषित केले.