वैलाचं काम

'चूल' हा शब्द आपल्या मुलींना ठाऊक आहे. 'चूल आणि मूल' म्हणून भाषणात येतो, 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणून बोलण्यात येतो. पण चुलीला चिकटून बसलेला वैल विचारला तर त्या तोंडाकडे बघत राहतात. कोणी त्याला वैल म्हणतं, कोणी औल, कोणी उलं. आम्ही सीमाभागातले. आमच्या कानडी शेजारणी अख्ख्या चुलीलाच 'ओले' म्हणतात. ज्या वस्तूला इतकी नावं, तिचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवलेला दिसत नाही. म्हणून हा प्रयत्न.

वैल म्हणजे चुलीच्या बाजूला त्याच मातीत घडवलेलं दुसरं गोल तोंड. त्याला स्वतःचं जळण नसतं. चुलीच्या आतून एक भोक वैलात काढलेलं असतं. तव्याखालचा जाळ पुढे सरकला की त्याची धग त्या भोकातून वैलात येते. साध्या चुलीत लाकडातली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता भांड्याला लागते, बाकीची वाया जाते, असं मोजणारे सांगतात. त्या वाया जाणाऱ्यातलं थोडं धरून ठेवायचं, एवढंच वैलाचं काम.

पण ते थोडं धरणं सोपं नव्हतं. भोक मोठं झालं तर जाळ सगळा वैलाकडे पळायचा आणि भाकरी कच्ची राहायची. लहान झालं तर वैल थंडच. चुली बाया स्वतः घालत. चिकणमाती, शेण, भुसा मळून, वितीनं माप घेऊन. आमच्या आज्जीच्या हातची चूल शेजारपाजारी मागून न्यायचे. ती भोकात मूठ घालून बघायची आणि म्हणायची, "मूठ फिरली पाहिजे, मनगट अडकलं पाहिजे." शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं हे मोजमाप.

चुलीवर भाकरी चालू असे तेव्हा वैलावर आमटी उकळून उकळून दाट व्हायची. ती उतरली की दुधाचं पातेलं. मंद आचेवर दूध दिवसभर तापायचं, साय भाकरीसारखी जाड धरायची. शिजलेला भात वैलावर मुरायचा. पंगतीला वाढेपर्यंत सगळं ऊन, आणि त्यासाठी एक काडीही जास्तीची नाही.

आमच्या जैन घरांत तर वैलाला आणखी काम असे. पाणी गाळून घ्यायचं, पण गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडींची, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांची. उकळलेलं पाणी आठ प्रहर चालतं. ती पाण्याची तपेली वैलावर चढायची. जळण आपटून, झाडून, किडामुंगी बघूनच चुलीत घालायचं, म्हणून कमी लाकडात जास्त काम होईल तेवढं बरं. आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. त्यामुळे शेतावरून येणाऱ्यांची वाट बघत रात्री चूल धगधगत ठेवायचा प्रश्नच नव्हता.

जगात इतरत्रही बायकांना हीच गरज पडली. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बिडाच्या मोठ्या चुली आल्या, तेव्हा त्यांच्या वरच्या अंगाला जेवण ऊन राहण्यासाठी झाकणाचा कप्पा केलेला असे. आपल्याकडे वर्ध्याच्या मगनवाडीतून 'मगन चूल' आली. हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी 1953 साली धुराविना स्वयंपाकघरावर पुस्तकच लिहिलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' घडवली. 1983 साली केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. या चुलींत एका जाळावर ओळीनं भांडी मांडायची सोय होती आणि शेवटी चिमणी. पुढच्या भांड्याखालून निसटलेली धग मागच्याला द्यायची, हे तत्त्व वैलाचंच. चिमणी मात्र त्यांची, आणि त्याबद्दल त्यांना हात जोडले पाहिजेत. वैलानं लाकूड वाचवलं तरी धूर घरातच सोडला. आज्जीचे डोळे कायम लाल असायचे. सकाळभर खोकायची ती.

म्हणून चूल परत यावी असं मी म्हणणार नाही. 2016 साली उज्ज्वला योजना आली, कितीतरी बायकांच्या घरात पहिल्यांदा सिलिंडर गेला. चांगलंच झालं. पण गॅसच्या शेगडीला वैल नसतो, हेही खरं. बटण बंद केलं की ऊब संपली. मग जो जेव्हा येईल त्याच्यासाठी उठायचं, पातेलं पुन्हा चढवायचं, "थांबा, गरम करून देते" म्हणायचं. मुलगा नऊला, मालक साडेनऊला, पाहुणे दहाला. वैल असताना हे काम माती करायची. माती गेली आणि ते काम न बोलता बाईच्या अंगावर आलं. स्वयंपाकाला लागणारा वेळ कमी झाला म्हणतात. पण स्वयंपाकघरात उभं राहायचा वेळ किती कमी झाला, हे प्रत्येकीनं आपापल्या घरी मोजून बघावं.

अनेक घरांत वैलावर ठेवलेलं ऊन अन्न पुरुषांसाठीच असे आणि बाई शेवटी बसे, तळाचं खरवडून. आमच्या घरी दिवस मावळायच्या मर्यादेनं तेवढं एक केलं. सूर्य काही बाईसाठी थांबत नाही, म्हणून तिलाही सगळ्यांबरोबर पाट घ्यावा लागे. आज्जी घाईघाईनं जेवायची, पण ऊन जेवायची. आज जिच्या घरी चारी बर्नर आहेत, तिनं आपलं ताट कितव्या नंबरावर असतं आणि त्यातली आमटी ऊन असते की निवलेली, एवढं एकदा बघावं. निवलेली असेल तर घरच्यांना सांगावं की ज्याला ऊन हवं त्यानं स्वतः शेगडी पेटवावी. काडीसुद्धा लागत नाही आता.