परतीचा पत्ता

जतसारख्या कन्नड-मराठी सीमाभागात हेळवी येतात. बैल घेऊन फिरणारा हा वंशावळकार चोपडी उघडून घराण्याच्या पिढ्या वाचतो आणि नव्याने जन्मलेल्यांची नावे लिहून घेतो. एक नोंद राहिली, तर नातू भलत्याच आजोबाच्या नावावर चढतो.

संगणक मधेच कोलमडला की डीबगरही अशीच वंशावळ वाचतो: हे फंक्शन कोणी बोलावले, त्याला कोणी? त्याला 'बॅकट्रेस' म्हणतात. ती परतीच्या पत्त्यांवर उभी असते.

केंब्रिजचे एडसॅक यंत्र ६ मे १९४९ रोजी चालू झाले. परतीचा पत्ता जपण्याची सोय त्यात नव्हती. डेव्हिड व्हीलर यांनी युक्ती काढली: उडी मारण्यापूर्वी आपला ठिकाणा हातात घेऊन जायचे आणि बोलावलेल्या सबरूटीनने त्यावरून परतीचा हुकूम स्वतःच्याच शेवटी लिहायचा. पण जागा एकच. सबरूटीनने स्वतःलाच बोलावले, तर आधीचा पत्ता पुसला जाई. यावरचा उपाय अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९४६ सालच्या एस यंत्राच्या आराखड्यात आधीच सुचवला होता: पत्ते एकावर एक पुरायचे, शेवटचा आधी उकरायचा. आजचा स्टॅक तो हाच.

सी भाषेत लिहिले, तर स्टॅकवर कुठे काय ठेवले याची नोंद कंपायलर 'ड्वार्फ' पद्धतीने करू शकतो. फर्मवेअरमधला हाताने लिहिलेला असेम्ब्ली कोड मात्र बिननोंदीचा. सोळा बाइट स्टॅकवर ढकलले की हिशोब तेवढाच सरकतो. तो 'सीएफआय' ओळींत प्रोग्रामरनेच लिहायचा. एआरएम कॉर्टेक्स-एम चिपवर तर इंटरप्ट आला की लिंक रजिस्टरमध्ये पत्ता नसतोच, एक सांकेतिक आकडा असतो. साध्या मांडणीत खरा पत्ता चिपने स्टॅकवर ठेवलेल्या आठ शब्दांपैकी सातवा. हे न सांगितल्यास डीबगर वाट चुकतो.

शेवटही सांगावा लागतो. रीसेटनंतरच्या पहिल्या कोडला बोलावणारा कोणीच नसतो, तो मूळपुरुष. तिथे 'परतीचा पत्ता नाही' असे लिहिले नाही, तर डीबगर त्यापलीकडेही पूर्वज शोधत बसतो.

या ओळींतून यंत्राचा एकही हुकूम तयार होत नाही. त्या गाळल्या तरी प्रोग्राम तसाच चालतो, म्हणूनच त्या राहून जातात. उणीव कळते ती बिघाडाच्या दिवशी, निरपराध फंक्शनवर संशय घेण्यात रात्र गेल्यावर. अपुरी वंशावळ निदान थांबते. चुकीची वंशावळ खात्रीने खोटे सांगते.