तिथी, वार आणि शेवटची कुस्ती

सुरुवात माझ्याच आगाऊपणापासून करतो. आमच्या गावच्या यात्रा कमिटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पोटामागे पुण्या-मुंबईला गेलेल्या आम्हा पोरांनाही त्यात घेतलंय. कारण उघड आहे, वर्गणी. गाव परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या जवळ. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती आणि दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, कुस्त्या. यंदा तो दिवस नेमका आठवड्याच्या मधोमध येत होता. मी ग्रुपवर टाकलं, "कुस्त्या पुढच्या रविवारी ठेवल्या तर पुण्याचे सगळे येऊ शकतील. शेवटच्या कुस्तीचं इनामही वाढवू." आठ-दहा अंगठे आले (सगळे पुण्याचेच). आणि पाच मिनिटांत थोरल्या काकांचा फोन.

"काय रे, तुझ्या सुट्टीला बघून जत्रा भरवायची व्हय?"

"काका, जयंती त्याच दिवशी होईल ना. फक्त कुस्त्या..."

"फक्त कुस्त्या म्हणं! तू ये बरं आधी, मग सांगतो." फोन बंद.

काका म्हणजे एकेकाळचे फडातले पहिलवान. त्यांच्याशी वाद घालायचा तर तयारीनिशी घालावा म्हणून तो विकांत जालावर घालवला. मला सिद्ध करायचं होतं की वार्षिक कुस्त्या सोयीच्या वारी घेणं ही जगन्मान्य पद्धत आहे. आणि गंमत म्हणजे ती आहेच!

अमेरिकेत टीव्हीवरच्या बड्या कंपन्यांपलीकडे व्यावसायिक कुस्तीच्या छोट्या स्वतंत्र कंपन्या असतात. एखादा हॉल भाड्याने घ्यायचा, तिकीट लावायचं, मल्लांना रात्रीच्या हिशोबाने पैसे द्यायचे. २००१ साली डब्ल्यूसीडब्ल्यू विकली गेली, ईसीडब्ल्यू बंद पडली, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत फिलाडेल्फियात 'रिंग ऑफ ऑनर' सुरू झाली. दरवर्षी ते वर्धापनदिनाचा खेळ करू लागले. अशा खेळाचं महत्त्व बाहेरच्याला कळत नाही. ज्या धंद्यात दुकानं दोन वर्षांत गुंडाळली जातात तिथे 'आम्ही अजून आहोत' हीच मोठी जाहिरात असते. 'रिंग ऑफ ऑनर' २०११ साली एका प्रसारण कंपनीकडे गेली, २०२२ साली पुन्हा विकली गेली. मेक्सिकोतली सीएमएलएल मात्र १९३३ च्या सप्टेंबरपासून टिकून आहे, आणि तिचा वर्धापनदिनाचा खेळ हा तिथला वर्षातला सगळ्यात मानाचा. मूळ तारीख २१ सप्टेंबर, पण खेळ बहुतेक वेळा त्या सुमाराच्या शुक्रवारी. का? शुक्रवारी लोक तिकीट काढतात. मी खूश. मुद्दा एक, माझ्या बाजूने.

मग आपल्याकडचं वाचायला बसलो आणि तिथे माझी गाडी अडकली.

आधी शब्दच बघा. आखाडा संस्कृतातून आलेला. पण पहिलवान फारसी, कुस्ती फारसी, तालीम आणि इनाम अरबी, आणि वस्ताद म्हणजे उस्तादच, आपल्या तोंडात रुळून गोल झालेला. फडात मारुतीच्या नावाचा नारळ फोडतात आणि पुढचा अर्धा तास बोललेले निम्मे शब्द इराणवरून आलेले असतात. कोणालाच त्याचं काही वाटत नाही. उरूस हा शब्दही त्यातलाच. अरबीत त्याचा अर्थ लग्न. संताचा मृत्यू म्हणजे त्याचं ईश्वराशी झालेलं मीलन, म्हणून पुण्यतिथीलाच लग्नाचं नाव. म्हणजे महाराष्ट्रात उरुसाला जिथे जिथे कुस्त्या होतात, तिथे तो शब्दशः वर्धापनदिनाचाच खेळ.

आता इथे प्रोग्रामरला खाज सुटते, कारण ही वर्धापनं निदान तीन वेगवेगळ्या कॅलेंडरांवर चालतात. जत्रा तिथीवर. तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की परत जागेवर येते. उरूस हिजरीवर. हिजरीत अधिक महिनाच नाही, त्यामुळे तो हळूहळू सगळ्या ऋतूंतून फिरून तेहतीसेक वर्षांनी मूळ जागी येतो. आणि परभणीचा सय्यद शाह तुराबुल हक यांचा मोठा उरूस? तो सरळ इंग्रजी कॅलेंडरवर, दरवर्षी फेब्रुवारीत! वर तिथीचा क्षय होतो, कधी एकच तिथी दोन दिवस येते, ते वेगळंच. तारखांच्या बगांवर मी नोकरीतली बरीच वर्षं घालवली आहेत, पण असली मागणी कोणी माझ्यासमोर ठेवली असती तर राजीनामाच दिला असता :-)

असो. खरा प्रश्न हा होता की हे सगळं कोणाच्या पैशावर चाललं.

आपल्या भागातला जुना पुरावा बाराव्या शतकातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या घराण्याची सत्ता मराठवाड्यावरही होती, त्याने सुमारे ११२९ साली 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावं, कशी शिकार करावी इथपासून सगळं त्यात आहे, आणि 'मल्लविनोद' नावाचा एक भागही आहे. त्यात मल्लांची प्रतवारी आहे, व्यायाम आहे, खुराक आहे. खुराक राजाच्या खर्चाने. म्हणजे मल्ल हा पगारी माणूस, आणि कुस्ती ही राजाच्या करमणुकीची बाब.

हीच व्यवस्था पुढे आठशे वर्षं कमीअधिक चालू राहिली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारलं ते १९१२ साली पुरं झालं. गामाचंही तसंच. १९१० साली लंडनमध्ये झिबिस्कोबरोबर त्याची अडीच तास कुस्ती होऊन निकाल लागला नाही, पुढच्या आठवड्यात झिबिस्को मैदानातच आला नाही, आणि १९२८ साली पतियाळाच्या महाराजांनी ती जोड पुन्हा लावली तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत पाडलं. पण संस्थानं गेली. फाळणीनंतर लाहोरात राहिलेल्या गामाचे शेवटचे दिवस, १९६० पर्यंतचे, हलाखीत गेले. जगातला एक नंबरचा मल्ल, आणि आश्रयदाता गेल्यावर हातात काही नाही. हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

आमच्याकडे निजामी १९४८ च्या सप्टेंबरात संपली. मुंबईत तिकिटाची कुस्ती फोफावली. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग-किंगकाँगच्या फ्रीस्टाइलला झुंबड उडायची, आणि १९६८ साली दारासिंगने लू थेझला हरवलं तेही मुंबईतच. सरकारमान्य कुस्तीलाही स्वतःचा वार्षिक सोहळा मिळाला, १९६१ पासूनचा महाराष्ट्र केसरी. पहिला औरंगाबादला झाला आणि दिनकर दह्यारींनी जिंकला. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने मल्लांना मानधन देऊ लागले. पण परभणी-गंगाखेडच्या पट्ट्यातल्या मध्यम दर्जाच्या पहिलवानाला, ज्याचं नाव पेपरात कधी येणार नाही अशाला, वर्षभर कोणी पोसलं? जत्रांनी. राजे गेले, गावकी राहिली.

इथवर आल्यावर माझा मुद्दा एक जरा लंगडायला लागला होता. तरी प्रतिपदेला रजा टाकून गावी गेलो.

शेतातली काळी माती नांगरून, ढेकळं फोडून, पाणी शिंपून फड केला होता. हलगी सुरू झाली. आधी बारकी पोरं, रेवड्यांवर आणि नारळावर. मग पन्नास, शंभर, पाचशे असं इनाम चढत जातं. एखादा पहिलवान फडात हात वर करून फिरतो, म्हणजे आहे का कोणी. दुसरा उतरतो, पंच दोघांना शेजारी उभं करतात, दंड-मांड्या बघतात, आणि कडेने ओरडा होतो, "जोड बरोबर नाही!" इथे वजनकाटा नाही, डोळे आहेत. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण असतात; इथे गुण नाहीत, पाठ टेकली की निकाल. मधेमधे भोंग्यावर नावं. अमक्याच्या वडिलांच्या पुण्यतिथीनिमित्त एक हजार एक, तमक्याला नातू झाला म्हणून पाचशे एक. वर्धापनाच्या पोटात आणखी किती वर्धापनं!

काका बांधावर बसले होते. मी शेजारी टेकलो.

"आता सांगा, रविवारी का नाही?"

त्यांनी बोटाने दाखवलं. "तो निळ्या लंगोटाचा बघ. आज आपल्याकडं. उद्या द्वितीयेला नदीपल्याड. परवा तृतीयेला पालमकडं. तीन दिवसांत तीन कुस्त्या, महिन्याचा खुराक निघतो. आपण रविवारी गेलो की आपली जत्रा कुणाच्या तरी अंगावर पडती. मग पहिलवान ज्याचं इनाम मोठं तिकडं जाणार. आज आपल्याकडं पुण्याचा पैसा हाय म्हणून आपण मोठे. त्या गावानं काय करायचं?"

कोणी मुख्य कार्यालय नाही, कोणी वेळापत्रक छापत नाही, गावं एकमेकांना विचारतसुद्धा नाहीत. पंचांगच ते काम करतं. मेक्सिकोच्या शुक्रवाराशी केलेली माझी तुलना का चुकली तेही तिथे कळलं. तिकडे पैसा तिकिटातून येतो, म्हणून तारीख प्रेक्षकाच्या सोयीची. इकडे प्रेक्षकाने घरटी वर्गणी आधीच दिलेली असते. तारीख मल्लाच्या सोयीची लागते.

सगळं गोड आहे असंही नाही. ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे 'नुरा कुस्ती' म्हणतात. पेपरवाले हा शब्द हल्ली पुढाऱ्यांसाठीच वापरतात, पण तो आला फडातून. मी काकांना विचारलं, तुम्ही कधी? मला वाटलं चिडतील.

"एकदा," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशीची कुस्ती. माझा गुडघा गेलेला, त्याचा खांदा. पकडीतच तो कानात म्हणाला, बरोबरी. मी बी हूं म्हणालो. पाऊण तास रेटारेटी केली. लोकं काय येडे हायेत? ढेकळं मारली आम्हाला. कमिटीनं इनाम निम्मं केलं, आन् त्यातलं निम्मं निम्मं दोघांना. पुढं दोन वर्षं त्या गावात गेलो नाही." मग थोडं थांबून, "मुदतीला पैसे पाहिजे होते रे. तुझ्या आत्याचं लग्न होतं."

अमेरिकन प्रेक्षक निकाल ठरलेला असतो हे माहीत असून तिकीट काढतो. आमच्याकडे ढेकळं बसतात. दोन्ही व्यावसायिक कुस्त्याच, पण प्रेक्षकाशी केलेला करार वेगळा.

२०२० चा विषय मीच काढला. त्या वर्षी गुढी पाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरचं लॉकडाऊन त्याच दिवशी सुरू झालं. जत्रांचा हंगाम ज्या दिवशी उघडतो, नेमका तो दिवस. मी तेव्हा पुण्यात घरी बसून पूर्ण पगार घेत होतो. थंडीपासून दूध-तूप-बदामावर उधारी करून अंग कमावलेल्या पोरांना त्या चैत्रात एकही फड मिळाला नाही. २०२१ च्या एप्रिलात पुन्हा निर्बंध. निळ्या लंगोटाच्या थोरल्या भावाने त्याच काळात कुस्ती सोडली, आता तो गाडीवर ड्रायव्हर आहे. आमच्या गावात दोन्ही वर्षी काकांनी आणि पुजाऱ्याने देवळामागे चार हात माती उकरून नारळ फोडला आणि एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांची एक कुस्ती लावली. इनाम अकरा रुपये. बघायला घरचीच चार माणसं.

"कशाला पण?" मी म्हटलं.

"खंड पडला असता."

त्यानंतर २०२३ साली वरच्या पातळीवर काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं. नोव्हेंबरात राज्यात संघटनांच्या भांडणापायी एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले: पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही तगडे, दोघांनाही गदा, आणि खरा केसरी कोण यावर लोक अजून वाद घालतात. आमच्याकडे पुढच्या चैत्रात वद्य प्रतिपदेला कुस्त्या झाल्या. संघटनेचं पत्र कोणी मागितलं नाही.

शेवटची कुस्ती संध्याकाळी लागली. निळा लंगोट विरुद्ध लातूरकडचा एक उंच गडी. वीसेक मिनिटं दोघांनी एकमेकांना दमवलं, लोक आरडायला लागले, आणि मग निळ्याने पट काढून घिस्सा मारला. पाठ टेकलेली मला दिसलीच नाही. हलगीचा आवाज बदलला त्यावरून कळलं. फेटा बांधून त्याला फडाभोवती फिरवला, लोकांनी दहा-वीसच्या नोटा दिल्या. मी पाचशे काढत होतो तर काकांनी हात दाबला. "शंभरच दे. उद्या बाकीचे पोरं तुझ्याकडंच बघतील."

टँकरच्या नळाखाली माती धुऊन तो काकांच्या पाया पडायला आला. मी अभिनंदन केलं ते त्याने अर्धवट ऐकलं.

"काका, उद्या जोड कोण हाय, काय कळलं का?"

काकांनी एक नाव सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं, ओला लंगोट पिशवीत कोंबला आणि नदीपल्याडच्या पिकअपमध्ये मागे चढून बसला. मी ग्रुप उघडून माझा रविवारचा मेसेज शोधला. पुसायला उशीर झाला होता, म्हणून खाली फक्त 'कुस्त्या तिथीलाच' असं लिहिलं आणि रात्रीची ट्रॅव्हल्स गाठायला निघालो.