पीकविमा शेताचा की मंडळाचा?

आमच्या कळमेश्वरकडे शेतकऱ्याच्या घरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "माझं सोयाबीन तर पूर्ण गेलं, मग विमा का नाही आला?" तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर या प्रश्नावर जरा थांबा. उत्तर इतिहासात आहे.

विम्याची मूळ कल्पना साधी. नुकसान एकावर पडतं, ते अनेकांनी थोडं थोडं वाटून घ्यायचं. पण वर्गणी किती घ्यायची हे कळण्यासाठी मोजमाप लागतं. एडमंड हॅलीने (हो, धूमकेतूवालाच!) 1693 मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून तक्ता केला, तेव्हा आयुर्विम्याच्या हप्त्याला शास्त्रीय पाया मिळाला. हजार माणसांत कोण मरेल ते सांगता येत नाही. साधारण किती मरतील ते सांगता येतं.

पिकाचं मात्र तसं नाही. दुष्काळ पडला की शेजारचाही बुडतो, मग वाटून घेणार कोण? दुसरी अडचण म्हणजे, पीक पावसाने गेलं की निंदणच झालं नाही म्हणून, हे ठरवायला प्रत्येक धुऱ्यावर माणूस पाठवावा लागेल.

तरी आपल्याकडे आधी तेच करून पाहिलं. 1972-73 मध्ये गुजरातेत एच-4 कापसापासून वैयक्तिक पातळीवरचा विमा सुरू झाला, पुढे महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत गेला. 1978-79 पर्यंत शेतकरी आले फक्त 3,110. हप्ता जमला 4.54 लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली 37.88 लाख. म्हणजे आठपटीहून जास्त!

याच काळात पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी वेगळा मार्ग मांडला: शेत मोजू नका, परिसर मोजा. (म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 मध्येच पावसाच्या तुटीवर आधारलेल्या विम्याचं पुस्तक लिहिलं होतं, पण ते फार कोणी मनावर घेतलं नाही.) 1979 ची प्रायोगिक योजना दांडेकरांच्या मार्गाने गेली. 1985 ची सर्वंकष योजना, 1999 ची राष्ट्रीय योजना आणि 2016 ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्यांचा सांगाडा तोच.

आता हिशेब बघा. समजा, महसूल मंडळाचं उंबरठा उत्पन्न हेक्टरी 10 क्विंटल आहे. पीककापणी प्रयोगांतून सरासरी 8 आली, तर तूट 20 टक्के. मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला विमा रकमेच्या 20 टक्के मिळणार, ज्याला 12 क्विंटल झालं त्यालाही. आणि सरासरी 11 आली, पण तुमच्या शेतात 3 च झालं? या हिशेबात शून्य. गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीला पुढे वेगळी तरतूद आली, पण कमी पावसाला नाही.

दांडेकरांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. परिसर एकसारखा असेल, ही त्यांच्या पद्धतीची अटच होती. माझ्या मते खरी गडबड इथे आहे: मंडळाच्या सीमा महसुलासाठी आखल्या, पावसासाठी नाही. एकाच मंडळात काळी भारी जमीनही असते, मुरमाड बरडही. एकक लहान करावं तर कापणी प्रयोग वाढतात, खर्च वाढतो, आणि घाईत केलेल्या प्रयोगांत चुका वाढतात. किती लहान केलं तर पुरे, हा प्रश्न अजून उघडा आहे. विषय शोधत असाल तर एखाद्या मंडळातल्या गावांचे कापणीचे आकडे घेऊन बसा आणि सरासरी काढण्याआधी त्यांच्यातला फरक बघा.