खाडी, घाट आणि हूड शिंगरू

भरतीच्या पाण्याबरोबर मुंबईची गलबते पनवेलच्या खाडीत येऊन लागत आणि तेथून बोरघाटाची वाट धरावी लागे, त्या काळी या कसब्यात उतरलेल्या वाटसरूचा पुढचा प्रवास पालखीत, नाहीतर घाटाच्या सवयीच्या तट्टाच्या पाठीवर होत असे. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत घाटातून गाड्यांची सडक खुली झाली, १८६३ साली आगगाडीने तोच घाट ओलांडला, आणि बंदराची वर्दळ ओसरली. तिच्यामागोमाग जी एक विद्या हळूहळू विस्मरणात गेली, ती हूड शिंगराला माणसाळविण्याची विद्या होय.

कोकण ही मुळात अश्वभूमी नव्हे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने नमूद केले आहे की, ठाण्याच्या राजाचा समुद्रावरील चाच्यांशी करार होता आणि त्यांच्या लुटीपैकी घोडे तेवढे राजाने घ्यावेत असे ठरले होते. अरबस्तान व इराणकडून जलमार्गाने येणाऱ्या जनावरांची राजसत्तांना केवढी निकड होती, हे त्यावरून कळते. त्या परकीय रक्ताचा आणि देशावरील काटक तट्टांचा संगम भीमा-नीरेच्या काठी होऊन जी भीमथडी जात प्रसिद्धीस आली, ती बांध्याने लहान, पण खुराने अचूक आणि अल्प दाणावैरणीवर मजल मारणारी होती.

तथापि मोकळ्या रानात वाढलेले शिंगरू उपजत शहाणे नसते. त्याला प्रथम मोहरकीची ओळख, मग अगाडी-पिछाडीच्या दोरांची; तोबऱ्यातील चंदी ज्या हातून मिळते त्याच हाताचा खरारा अंगावर फिरू लागला, की कातडीची थरथर दिवसागणिक कमी होते. पाय उचलून खुरावर हलके ठोकण्याची सवय लावावी, म्हणजे पुढे नालबंदाचे भय उरत नाही. नंतर लांब दोरावर वर्तुळात फिरवावयाचे, ज्याला जुने लोक काव्यावर धरणे म्हणत. पाठीवर आधी नुसते कांबळे, मग खोगीर, आणि सर्वांच्या शेवटी स्वार. चालुक्यनृपती सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त अश्वपरीक्षेला आणि अश्वशिक्षणाला स्वतंत्र स्थान दिले आहे, राजाने स्वतः जाणावी अशी ती विद्या होती.

मराठी राज्याने या विद्येच्या भोवती शिरस्ता उभारला. शिवछत्रपतींच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद तैनात असे. १६७३ साली चिपळूणजवळच्या छावणीतील लष्कराला महाराजांनी जे पत्र धाडले, त्यात दाणा व वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, दिव्याच्या निष्काळजीपणाने गवताला आग लागू देऊ नका, घोडी उपाशी मेली तर ती तुम्हीच मारलीत असे होईल, अशी कळकळीची ताकीद आहे. मुक्या जनावराच्या मृत्यूची जबाबदारी माणसावर टाकणारे हे शासन मला कोणत्याही विजयवार्तेइतकेच थोर वाटते.

इंग्रजीत या कामाला घोडा ‘मोडणे’ अशा अर्थाचा शब्द आहे. मराठीत घोडा फेरतात, आणि रानटी जनावर माणसाळते. शिकविणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत हे खरे; पण ज्या जनावराच्या मनात नुसती चाबकाची धास्ती असेल, ते अवघड जागी बिथरावयाचेच, हे अनुभवी चाबूकस्वार जाणून असे.

एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी, पावसाने निसरडी झालेली वाट आणि समोरून उतरणारा लमाणांच्या बैलांचा तांडा, अशा वेळी लगाम सैल सोडून तट्टाच्या पावलांवर जीव सोपविणारा वाटसरू पनवेलहून सुखरूप खंडाळ्याला पोहोचे. तट्टाचा तो निर्धास्तपणा वाटसरूने कमावलेला नव्हता. तो वर्षानुवर्षांपूर्वी, कुठल्याशा पागेत, पहाटेच्या अंधारात शिंगरापुढे तोबरा धरून उभ्या राहिलेल्या एका निनावी मोतद्दाराने कमावलेला होता.