पुराचं पाणी उपसणारा डिझेल पंप बंद करताना नेमकं काय चुकतं?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर एक आकडा सतत फिरत असतो. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती? ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हा आकडा ५५ फुटांच्याही वर गेला होता.

पाणी चढायला लागलं की नदीकाठचे शेतकरी आधी मोटारी काढून वर आणतात. पाण्यात गेलेल्या भागाची वीज सुरक्षेसाठी बंद केली जाते. मग पूर ओसरल्यावर तळघरं, विहिरी आणि वर्कशॉपमधले खड्डे उपसायला डिझेल इंजिनवरचा पंप येतो. या भागाला डिझेल इंजिन नवीन नाही. किर्लोस्करवाडी शेजारच्या सांगली जिल्ह्यात आणि इंजिनांचा मोठा कारखाना इथल्याच कागलमध्ये. तरीही हँडल कसं मारायचं हे चार जण सांगतात आणि बंद करायची वेळ आली की हाताला येईल तो लिव्हर ओढला जातो.

इंजिन खाली उतरवायचं का?

नाही. सगळ्यात जीवघेणी चूक इथेच होते आणि तिच्यामागे कारणही आहे. पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरच्या हवेचा दाब पाणी पाइपमधून वर ढकलत असतो. हा दाब जास्तीत जास्त १० मीटरपर्यंतच पुरतो आणि प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या पुढे बहुतेक पंप पाणी सोडतात. विहीर त्याहून खोल असली की इंजिनासकट पंप आतल्या टप्प्यावर उतरवायचा मोह होतो.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलच्या छोट्या पंपात तो जास्त, डिझेलच्या धुरात कमी, पण विहिरीत किंवा तळघरात साठायला तेवढाही पुरतो. डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस बाहेर येण्याआधीच खाली बसतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात मांजर वाचवायला बायोगॅसच्या खड्ड्यात एकामागोमाग उतरलेल्या पाच जणांचा असाच जीव गेला. तिथला गॅस वेगळा होता, माणसं जाण्याची साखळी मात्र हीच.

म्हणून इंजिन कायम बाहेर, मोकळ्या हवेत ठेवायचं आणि धुराचं तोंड दारं-खिडक्यांपासून लांब करायचं. विहीर खोल असेल तर जनरेटर बाहेर ठेवून पाण्यात बुडणारा पंप सोडायचा. कुणी आत कोसळलंच तर खाली उतरायचं नाही, ११२ ला फोन करायचा.

सुरू करताना

सक्शन पाइप आणि पंप पाण्याने पूर्ण भरून घ्यायचा, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह मिटलेला ठेवायचा. पाणी वाहत नसताना या प्रकारच्या पंपाचा इंजिनावर सर्वात कमी भार पडतो. इंजिनाने वेग धरला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. फार वेळ मिटून ठेवला तर आतलं पाणी तापत जातं.

चालू असताना पाणी सुटलंय का, यावर लक्ष हवं. पंपाचं पॅकिंग किंवा सील पाण्यावरच थंड राहतं. अनेक शेतीपंपांत तर पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनाला थंड करते. तिथे पंप कोरडा पडला की इंजिनही तापतं.

आणि बंद करताना?

भरधाव इंजिन एकदम थांबवलं की दोन गोष्टी होतात. उंचावर चढलेलं पाणी उलटं फिरतं आणि त्याचा हातोड्यासारखा दणका पाइपला, सांध्यांना आणि फूट व्हॉल्व्हला बसतो. दुसरीकडे इंजिनातलं ऑइल आणि थंड करणारं पाणी फिरायचं थांबतं, पण धातू अजून तापलेलाच असतो. टर्बो असलेल्या मोठ्या इंजिनांना हे जास्त महागात पडतं.

म्हणून आधी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू कमी करत न्यायचा आणि रेस खाली आणायची. तीन ते पाच मिनिटं इंजिन हलक्या भारावर फिरू द्यायचं. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटवून लगेच स्टॉप लिव्हर ओढायचा.

इथे हमखास होणारी गफलत म्हणजे डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून इंजिन बंद करणं. तो सुरू करताना हँडल हलकं फिरावं म्हणून दिलेला असतो. चालत्या इंजिनावर तो वापरला की व्हॉल्व्ह आणि त्याच्या दांड्यांना मार बसतो. डिझेलचा कॉक बंद करून वाट बघणं हाही रोजचा मार्ग नव्हे. लाइनमध्ये हवा शिरते आणि पुढच्या वेळी ती काढत बसावं लागतं.

अर्थात हा सगळा क्रम निवांत वेळेसाठी आहे. पट्ट्यात कुणाची ओढणी किंवा बाही अडकली, पाइप फुटला, तर थेट स्टॉप लिव्हर. लिव्हर ओढूनही इंजिन वेग वाढवतच राहिलं तर डिझेल बंद करायचं आणि हवा आत घेणारं तोंड फळीने दाबायचं, हाताने कधीच नाही.

इंजिन थांबल्यावर लगेच टाकीत डिझेल ओतू नये, रेडिएटरचं झाकणही उघडू नये. दोन्ही गार झाल्यावर. पुराचा गाळ उपसला असेल तर शेवटच्या काही मिनिटांत सक्शन स्वच्छ पाण्याच्या पिंपात टाकून पंप धुवून घ्यायचा, कारण आत वाळलेला गाळ पुढच्या वेळी पंखाच फिरू देत नाही.